जिल्हा हाच संघ : धाराशिवच्या खो-खोची वाटचाल

युरोपातील क्रीडामंडळाचा इतिहास प्रायः त्याच्या नावापासून सुरू होतो. प्राग येथील ‘स्लाव्हिया’ हे मंडळ 1892 मध्ये चेक विद्यार्थ्यांनी सायकलच्या व्यायामासाठी काढले. फुटबॉल त्यात मागाहून आला. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात राहून आपल्या मंडळास स्लाव्ह वंशाचे नाव द्यावे, यातच त्या तरुणांचा हेतू स्पष्ट होतो. पुढे साम्यवादी राजवटीत ते नाव जाऊन ‘डायनामो’ हे नाव आले आणि 1965 मध्ये मूळ नाव परत मिळाले. नाव गेले तरी मंडळ राहिले, म्हणूनच नाव परतू शकले.

धाराशिवच्या खो-खोची स्थिती याहून वेगळी आहे. राज्यपातळीवर या भागाची कीर्ती ज्या नावाने झाली ते कोणा मंडळाचे नाव नव्हे, जिल्ह्याचे होय. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत जिल्हा संघटनांचे संघ उतरतात. त्यामुळे खेळाडू कोणत्याही शाळेच्या मैदानावर तयार झाला तरी वृत्तपत्रात तो ‘उस्मानाबाद’चा आणि 2023 मधील नामांतरानंतर ‘धाराशिव’चा म्हणूनच ओळखला जातो. मराठीतील ‘संघ’ हा शब्द येथे विशेष उपयोगी पडतो. मैदानात उतरणारे खेळाडू तो संघ, आणि त्यांना निवडणारी संस्था तीही संघच. इंग्रजीत या दोन वस्तूंना दोन शब्द लागतात. ‘तालीम’ हा अरबीतून आलेला शिक्षणवाचक शब्द आणि ‘आखाडा’ हे शब्द मातीशी व वास्तूशी बांधलेले आहेत, ‘जिमखाना’ शहराशी. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्था मुंबईत खो-खोचे घर झाल्या. जिल्ह्याच्या संघास असे घर असतेच असे नाही.

हा खेळ येथे कसा रुजला, हे पाहताना राजकीय सीमा ध्यानात घ्यावी लागते. खो-खोस नियमबद्ध रूप देण्याचा उद्योग 1914 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात झाला. 1924 मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियम प्रसिद्ध केले. 1928 मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ स्थापन झाले. पाटी, खांब, डाव, गडी ही या खेळाची परिभाषा मराठी पुस्तिकांतून स्थिरावत होती, त्या काळी उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि वरच्या वर्गांतील शिक्षण उर्दूतून चालत असे. पळापळीचा ग्रामीण खेळ कोणत्याही राज्यात असणारच. परंतु नियमांचा आणि स्पर्धांचा खो-खो ज्या संस्थांनी वाढविला त्या सीमेपलीकडे होत्या. 1948 मध्ये निजामी राजवट संपली, 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाडा येथे सुरू झाल्या. सारांश, पुणे-मुंबईकडे दोन पिढ्यांची परंपरा जमली, तेव्हा येथे आरंभ व्हावयाचा होता.

हे अंतर पुढे भरून निघाले, आणि त्यात मुलींचा वाटा मोठा आहे. 2016 च्या फेब्रुवारीत गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत खो-खोचा प्रथमच समावेश झाला. सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे ही याच जिल्ह्यातील. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 1998 नंतर या खेळास मिळालेला तो पहिलाच अर्जुन पुरस्कार होता. घरच्या ओढाताणीमुळे 2016 मध्येच तिने खेळ सोडण्याचे मनात आणले होते, आणि प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर ती मैदानावर परतली, असे तिने स्वतःच सांगितले आहे. पुरस्कार मिळाला तेव्हा ती तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी होती. एका प्रशिक्षकाचे शब्द आणि एक सरकारी नोकरी : मंडळाने जे करावयाचे ते येथे या दोन गोष्टी करतात. प्रशिक्षक एका पिढीपुरता असतो, ही यातील अडचण कोणाच्याही लक्षात येईल. तूर्त मात्र परंपरा खंडित झालेली नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरविले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

या खेळास खर्च नाही, दोन खांब आणि मोकळी जागा पुरे, असे नेहमी म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. सूर मारून गडी बाद करावयाचा तर माती मऊ हवी. ती चाळावी लागते आणि तिच्यावर पाणी शिंपावे लागते. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते तेथे मैदानावर पाणी मारणे ही क्षुल्लक बाब नव्हे. आता मोठे सामने मॅटवर होतात. तेथे पाणी लागत नाही, पैसा लागतो. मातीवर शिकलेल्या शरीरास मॅटवरचा सूर नव्याने शिकावा लागतो, आणि ज्या शाळेपाशी मॅट नाही तिचे खेळाडू एक पायरी मागून निघतात.

याच काळात खेळाची भाषाही पालटली. जुन्या पद्धतीत संरक्षकास गुण नसत. त्याने किती मिनिटे तग धरला याची नोंद मात्र मराठी वृत्तान्तात आवर्जून येई, आणि जाणता वाचक गुणांआधी ती मिनिटे पाही. 2022 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘अल्टिमेट खो-खो’ लीगने ठरावीक वेळ टिकणाऱ्या तुकडीस गुण देऊन त्यास ‘ड्रीम रन’ असे नाव दिले. कोणत्याही दिशेने वळू शकणाऱ्या आक्रमकास ‘वजीर’ म्हटले. ‘वजीर’ हा बुद्धिबळाच्या पटावरून आलेला शब्द मराठी कानास परका वाटत नाही. ‘ड्रीम रन’ला मात्र मैदानावर कोणी मराठी प्रतिशब्द घडविलेला दिसत नाही. (व्यवहारात ‘खो घालणे’ म्हणजे कामात विघ्न आणणे, आणि खेळात ‘खो देणे’ म्हणजे आपले काम दुसऱ्याच्या हाती सोपविणे, एकाच शब्दाने इतके विरुद्ध अर्थ वाहावेत हे नवलाचेच.)

या लीगने खो-खोत प्रथमच मालकांचे, करारांचे आणि स्वतःच्या नावांचे संघ आणले. युरोपीय क्लबच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू ती हीच. परंतु 2022 चा आणि 2023-24 चा असे तिचे पहिले दोन हंगाम पुरुषांचे झाले. ज्यांच्यामुळे जिल्ह्याचे नाव देशभर गेले त्या मुलींसाठी त्यांत एकही संघ नव्हता. त्यांच्या अंगावरील गणवेशावर जिल्ह्याचे, राज्याचे अथवा देशाचेच नाव होते.