सोफा घेताना कापड नंतर, कंबर आधी!

घरकुल पूर्ण झाले किंवा घरात लग्न निघाले की सोफ्याची चर्चा सुरू होते. पिशोरहून कन्नडला, नाहीतर थेट संभाजीनगरला दुकाने पालथी घातली जातात. साताऱ्याच्या शाळेत बालभीमाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते. त्या समाजाच्या घरात आज पाहुण्याला मानाने बसवायला सोफा येतो, याचा आम्हाला आनंदच आहे. पण घामाच्या पैशातून घेतलेला सोफा वर्षभरात खचला, तर पैसाही जातो आणि घरातल्या म्हाताऱ्यांची कंबरही. म्हणून रंग आणि कापड पाहण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवतो.

बसून पाहा. दोन मिनिटे नव्हे, चांगली दहा मिनिटे बसा. तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात राहिले पाहिजेत. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची जागा उरावी. ज्यांचे गुडघे दुखतात त्या आई-आजींना दुकानात सोबत न्या. त्यांना हाताचा आधार घेऊन सहज उठता आले, तरच तो सोफा आपल्या घरचा. फार बुटका आणि खोल सोफा दिसायला छान, उठायला मात्र त्रासाचा.

चौकट तपासा. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पुढचा पाय लगेच वर आला नाही, तर चौकट पिळते आहे असे समजा. सोफा आडवा करून खालचे कापड बाजूला करून दाखवायला सांगा. सागवान किंवा चांगले वाळलेले लाकूड असेल तर टिकते. भुशाच्या फळीला पाणी लागले की ती फुगते आणि तिच्यातले स्क्रू सैल होतात. सांधे नुसत्या खिळ्यांवर नकोत.

फोम विचारा. गादीची चेन उघडून आतला फोम पाहा. दुकानदार ज्याला डेन्सिटी म्हणतात, ते एक घनमीटर फोमचे किलोतील वजन असते. बसायच्या गादीला ३२ किंवा त्याहून जास्त डेन्सिटी बरी. तळहाताने दाबून सोडा. फोम लगेच वर आला पाहिजे. डेन्सिटी बिलावर लिहून घ्या.

वास घ्या. डोळे चुरचुरतील असा उग्र वास असेल तर थांबा. प्लायवुड आणि भुशाच्या फळीच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड वायू निघू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवले आहे. नवा सोफा आला की काही दिवस दारे-खिडक्या उघड्या ठेवा. दमा असलेल्यांना आणि तान्ह्या बाळाला त्या खोलीत झोपवू नका.

जुना सोफा घेताना शिवणी आणि कोपरे बॅटरी लावून पाहा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, तो सोफा घरात आणूच नका. ढेकणांसाठी शेतात मारायचे औषध घरात कधीही फवारू नये, त्याने जीवावर बेतू शकते.

एकाच खोलीत चूल किंवा गॅस असेल तर सोफा त्यापासून लांब ठेवा. फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. सोफ्यावर बसून विडी ओढणे तर नकोच.

शेवटी पैशाचे. हप्त्यावर घेताना सगळे हप्ते आणि व्याज मिळून सोफा कितीला पडतो ते आधी मांडा. पक्के बिल आणि हमीचा कागद घ्या. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. कर्ज काढून मोठा सोफा घेण्यापेक्षा दोन भक्कम खुर्च्या आणि एक चांगली खाट कधीही बरी. तथागतांचा मध्यम मार्ग घरातल्या खरेदीलाही लागू पडतो.