समुद्रावरची रोजंदारी

सोमवारी सकाळी आठ छत्तीसच्या फास्टमध्ये चेंगरून उभं असताना 'सगळं सोडून समुद्रावर निघून जावं' असं तुम्हालाही वाटलंच असेल. मलाही वाटतं. फक्त माझा पुढचा प्रश्न ठरलेला: पैसे कुठून आणायचे? फ्रीलान्सर आहे, दोन लेखांचं मानधन अजून यायचंय, त्यामुळे सवयच लागलीय.

उत्तर मिळालं ते लिन आणि लॅरी पार्डे या जोडप्याकडे. त्यांनी स्वतः बांधलेली 'सेराफिन' ही शिडाची बोट १९६८ साली पाण्यात उतरली. लांबी जेमतेम २४ फूट, म्हणजे बेस्टच्या बसपेक्षाही कमी! इंजिन नाहीच. म्हणजे डिझेल नाही, मेकॅनिकचं बिल नाही. एवढ्याशा घरातून दोघांनी अकरा वर्षं जगप्रदक्षिणा केली. वाटेत मिळेल ते काम धरलं. कुणाच्या बोटीचं लाकूडकाम, कुणाचे दोर-तारा, कुणाची यॉट दुसऱ्या बंदरात पोचवणं. लिन लिहायलाही लागली. गाठीला पैसे जमले की नांगर उचलायचा, संपत आले की पुन्हा हत्यारं काढायची. ऑफिस सुटलं, काम कुठलं सुटतंय?

आजही बोटीवर राहणाऱ्यांत खरा भाव कुणाला, तर शिवणयंत्रवाल्याला. उन्हाने शिडाच्या कापडाआधी त्याचा दोरा कुजतो, त्यामुळे उसवलेली शिवण घेऊन कुणी ना कुणी येतंच. पाण्यात उतरून बोटीच्या बुडाचं शेवाळ-शिंपले खरवडणाऱ्यालाही काम असतं. एमबीए? विचारत नाही कुणी. सॅटेलाइट इंटरनेटमुळे आता लॅपटॉपवाल्यांचंही जमतं, पण खाऱ्या हवेत लॅपटॉप किती टिकतो ते विचारू नका.

मेख वेगळीच आहे. पर्यटक म्हणून गेलात तर त्या देशात कमाई करायला सहसा बंदी असते. मेक्सिकोतल्या ला पाझसारख्या बंदरात बोटवाल्यांनी यावर झकास तोडगा काढलाय. सकाळी सगळे रेडिओवर जमतात. हवामान, कोण आलं, कोण गेलं, आणि कुणाकडे काय जादा पडलंय. आता विक्री तर करायची नाही, म्हणून भाव पैशांत सांगतच नाहीत. नारळांत सांगतात! जुना पंप, इतके नारळ. समजणारे समजतात.

मीही माझ्याकडच्या मालाची यादी केली. मराठी टायपिंग, मुलाखती घेणं, डेडलाइन पाळणं (बहुतेक वेळा). याचे फार नारळ येतील असं वाटत नाही. म्हणून सध्या दर रविवारी आईच्या जुन्या मशीनवर सरळ टीप मारायला शिकतेय. दोरा सारखा तुटतो.