संग्रहातील चित्रे दिसेनाशी होतात तेव्हा



नाटके, चित्रपट व ध्वनिमुद्रणे संगणकावर जपून ठेवण्याची आवड आपल्यापैकी अनेकांना आहे. 'श्यामची आई' (१९५३) वर्गात दाखविताना असा घरचा संग्रहच कामी येतो. 'कोडी'सारखी प्रणाली हा संग्रह नीट मांडते व प्रत्येक कृतीशेजारी तिचे चित्र लावते. चित्र शोधून आणण्याचे काम 'स्क्रिप्ट' या छोट्या आज्ञावलीकडे असते. ती मध्येच थांबली, की पडद्यावर दोषाची सूचना येते व चित्राच्या जागी रिकामी चौकट उरते.

अशा वेळी रागाच्या भरात काहीही पुसू नये. प्रस्तुत लेखकाने एकदा 'सर्व नव्याने करू' म्हणून मूळ फोल्डरच पुसला. त्यात आईच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या होत्या. धाकट्या भावाकडे प्रत होती म्हणून त्या वाचल्या. तेव्हा प्रथम दुसरी प्रत करून ठेवावी.

त्यानंतर प्रणालीची नोंदफाईल उघडावी. मजकूर इंग्रजीत असला तरी बिचकण्याचे कारण नाही. दोषाचा वृत्तांत बहुधा लांबलचक असतो, पण तो शेवटून वाचावयाचा असतो: अखेरच्या ओळीत दोषाचा प्रकार व तिच्या वर आज्ञावलीतील ओळीचा क्रमांक सापडतो. कोडीच्या १९ व्या आवृत्तीपासून (२०२१) आज्ञावल्या पायथन भाषेच्या तिसऱ्या पिढीत असाव्या लागतात. दुसऱ्या पिढीतील जुनी आज्ञावली तेथे अडणारच. तिची नवी आवृत्ती घ्यावी, नसल्यास ती काढावी. अखेरच्या ओळीत 'आस्की' हा शब्द आढळला, तर मात्र दोष आपल्या लिपीशी संबंधित समजावा. आस्की संकेतात १२८ चिन्हेच आहेत, आणि त्यांत देवनागरी नाही. पडताळा सोपा आहे: फाईल व फोल्डर यांना रोमन नावे देऊन पाहावी. चित्र आले, तर दोष नाव हाताळण्यात आहे.

सर्वांत फसवा दोष मात्र कोणतीही सूचना देत नाही. 'वाऱ्यावरची वरात' या नावाची चित्रफीत आहे, त्याच नावापुढे आडवी रेघ व रोमन लिपीत 'पोस्टर' हा शब्द जोडलेले चित्रही शेजारीच आहे. तरी ते दिसत नाही. डोळ्यांना दोन्ही नावे सारखीच. परंतु युनिकोडमध्ये 'ऱ्या' एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ऱ, हलन्त, य व काना अशी ४ चिन्हे येतात. दुसरीत साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, य व काना अशी ५. वेगवेगळ्या कळफलकांवर टंकलेली नावे म्हणून यंत्राला भिन्न भासतात. आपण मुलांच्या शुद्धलेखनात रफार व अर्धा ऱ यांचा भेद तपासतो. येथे यंत्र आपल्याहून कडक परीक्षक ठरते! उपाय एवढाच, की चित्राचे नाव पुन्हा टंकू नये. चित्रफितीच्याच नावाची नक्कल करून तेथे चिकटवावे व शेवटचा शब्द जोडावा. लिनक्सवर रोमन मोठी व लहान अक्षरेही भिन्न मानली जातात, तीही पाहावी.

नाव सुधारूनही जुनेच चित्र दिसत राहिले, तर घाबरू नये. कोडी चित्रांची स्वतःची प्रत वेगळी साठविते. त्या कृतीच्या माहितीपानावरून चित्र पुन्हा निवडले म्हणजे नवे दिसू लागते.