राजवाड्यातली ‘विहीणबाई’ : क्रॉसड्रेसरची फॅशन वर्षानुवर्षं कशी बदलत जाते?

२०१४ सालचा जानेवारी महिना. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात किताब देण्याचा समारंभ चालू होता. एकेक मानकरी पुढे येत होता आणि प्रिन्स चार्ल्स त्याला पदक देत होते. त्यात ग्रेसन पेरी नावाचे ५३ वर्षांचे चित्रकार-कुंभार होते. अंगात गडद निळा ड्रेस, त्यावर जॅकेट आणि डोक्यावर शहामृगाच्या पिसांची काळी हॅट. इटलीत मुलीच्या लग्नाला वधूची आई जशी नटते तसं काहीतरी डोक्यात होतं, असं त्यांनी सांगितलं. आपल्या भाषेत सांगायचं तर इटालियन विहीणबाई.

त्याआधी दहा वर्षं, म्हणजे डिसेंबर २००३ मध्ये, हेच पेरी टर्नर पुरस्कार घ्यायला गेले होते. हा ब्रिटनमधल्या कलेचा सगळ्यात गाजणारा पुरस्कार. तेव्हा अंगात पाच वर्षांच्या मुलीने वाढदिवसाला घालावा तसा झालरींचा फ्रॉक होता. आणि त्याच्याही आधी, तरुणपणी बाईच्या वेशात बाहेर पडताना त्यांची खटपट अशी असायची की रस्त्यावरच्या कुणी मान वळवून बघू नये.

माणूस एकच. बाईच्या वेशातलं नावही एकच, क्लेअर. मग कपडे इतके कसे बदलले?

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण सोशल मीडियावर या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. क्रॉसड्रेसर म्हणजे आपल्या लिंगासाठी समाजाने जे कपडे ठरवले आहेत ते सोडून दुसऱ्या लिंगाचे कपडे आवडीने, गरज वाटते म्हणून घालणारी व्यक्ती. ती ट्रान्सजेंडर असतेच असं नाही. पेरी स्वतःला पुरुषच म्हणवतात. १९९२ पासून त्यांचा फिलिपा पेरी यांच्याशी संसार आहे, त्यांना एक मुलगी आहे. स्वतःसाठी ते ‘ट्रान्सव्हेस्टाइट’ हा जुना शब्द बिनधास्त वापरतात, पण दुसऱ्या कुणासाठी आपण तो वापरू नये, बऱ्याच जणांना तो खटकतो. ड्रॅग हा आणखी वेगळा प्रकार, तो स्टेजवरचा कार्यक्रम असतो.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बालगंधर्व होते की! होते, आणि त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा, दागिने, केसांतली फुलं यांची नक्कल त्या काळच्या घरंदाज बायका करायच्या. पण ती भूमिका होती. शकुंतला असो की भामिनी, कपडे नाटकाच्या गरजेने ठरायचे आणि पडदा पडला की उतरायचे. क्रॉसड्रेसरला नाटक नसतं, प्रेक्षक नसतात. काय घालायचं हे त्याला कुणीच सांगत नाही. त्याच्या कपड्यांचा प्रवास सुरू होतो तो इथून.

पहिला ड्रेस स्वतःचा नसतोच

बहुतेक क्रॉसड्रेसरचा पहिला कपडा घरातल्या कुणाचा तरी असतो. आईचा, बहिणीचा, पुढे कधी बायकोचा. घरात कुणी नसताना, दाराला कडी लावून, अर्धा तास घालायचा आणि घडी होती तशीच करून ठेवायची. आवड-निवड हा प्रश्न तिथे येतच नाही. मापात बसतं का आणि कुणाला कळेल का, एवढेच दोन प्रश्न.

पुढे स्वतःचे पैसे आले की पहिली खरेदी होते, आणि ती बहुधा फसते. चाळिशीचा माणूस अठरा वर्षांच्या मुलीचा स्कर्ट घेऊन येतो. खूप उंच टाचा, खूप मेकअप, खूप चमक. बघणाऱ्याला हसू येतं, पण कारण साधं आहे. मुलगी वयात येते तेव्हा तिच्या कपड्यांवर रोज टीका-टिप्पणी होत असते. आई म्हणते हा रंग तुला खुलत नाही, मैत्रीण म्हणते हे कानातले कुठून घेतलेस, काकू म्हणते जरा मोठा गळा झाला. त्यातलं निम्मं त्रासदायक असतं, पण वीस वर्षांत त्यातूनच नजर तयार होते. क्रॉसड्रेसरला ही वीस वर्षं मिळत नाहीत. त्याची ‘वयात येण्याची’ चुकांची वर्षं उशिरा येतात आणि त्या चुका त्याला एकट्याने, आरशासमोर कराव्या लागतात.

मग येते दिसून न येण्याची धडपड. इंग्रजीत याला ‘पासिंग’ म्हणतात. बाई म्हणून सहज खपून जायचं, कुणाला शंका यायला नको.

या टप्प्याचा फार सुंदर पुरावा अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात १९५०-६० च्या दशकांत ‘कासा सुझाना’ नावाची एक जागा होती. सुझाना व्हॅलेंटी आणि तिची पत्नी मारी ती चालवायच्या. मारीचं न्यूयॉर्क शहरात विगचं दुकान होतं, हा योगायोग कामाचा होता. शनिवार-रविवारी शहरातून पुरुष यायचे, सूटकेस उघडायचे आणि दोन दिवस बाई म्हणून राहायचे. काही जण बायकोलाही घेऊन यायचे. तिथले फोटो पुढे एका जुन्या बाजारात सापडले आणि २००५ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

ते फोटो बघणाऱ्याला वाटतं काहीतरी भडक, चावट दिसेल. दिसतं काय, तर गुडघ्याखाली जाणारे स्कर्ट, गळ्यात मोत्यांची माळ, नीट बसवलेले केस. कुणी विणकाम करतंय, कुणी टेबलाभोवती खेळायला बसलंय. शेजारच्या कॉलनीतलं महिला मंडळ वाटावं!

असं का? एक कारण धाकाचं होतं. न्यूयॉर्कमध्ये १८४५ चा वेश बदलून फिरण्याविरुद्धचा एक कायदा होता. तो आणला होता चेहरा झाकून दंगा करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी, पण पोलिसांनी पुढे तो अशा लोकांवरही वापरला. पकडले गेलात तर नोकरी जायची, घर तुटायचं. भडक कपडे ही चैन परवडणारी नव्हती. दुसरं कारण असं की त्या काळातली ‘आदर्श बाई’ जाहिरातींमध्ये तशीच दिसायची. त्यांनी समोरचा नमुना गिरवला. त्यांच्यातले काही पुढे कायमचे बाई म्हणून जगले, काही सोमवारी कोट-टाय घालून ऑफिसला गेले. सगळ्यांना एकाच डब्यात टाकता येत नाही.

पेरींची गाडी उलट्या दिशेने गेली

ग्रेसन पेरी यांचा जन्म १९६० चा, इंग्लंडमधल्या चेम्सफर्डचा. लहानपणीच वडील घर सोडून गेले, सावत्र वडिलांचा धाक होता. या मुलाने एक वेगळीच वाटणी करून टाकली. शौर्य, बंडखोरी, पुढारीपणा हे सगळे ‘पुरुषी’ गुण त्याने आपल्या टेडी बेअरला, म्हणजे ॲलन मीझल्सला देऊन टाकले. पंधराव्या वर्षी वडिलांच्या घरी राहायला गेल्यावर तो बाईच्या कपड्यांत बाहेर पडू लागला. घरात कळलं. ‘आता नाही करणार,’ असं त्याने कबूल केलं, तरी काही महिन्यांत त्याला घराबाहेर काढण्यात आलं.

पोरगं घराबाहेर पडतं तेव्हा त्याच्यासाठी कपडा ही फॅशनची गोष्ट राहत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. क्लेअरचे सुरुवातीचे कपडे इतके मिळमिळीत का होते, हे यावरून समजतं. पेरींनी क्लेअरचं वर्णन एकदा असं केलं होतं की नव्या वसाहतीत राहणारी चाळिशीतली बाई, तयार जेवणाची पाकिटं गरम करून खाणारी, जेमतेम बटण लावता येणारी. म्हणजे हजारात लपून जाईल अशी.

पण लपून जाण्यात एक गंमत आहे. ते जमलं की कुणीच बघत नाही. मध्यमवयीन साध्या बाईकडे रस्त्यावर कोण लक्ष देतं? बायकांना हे चांगलंच माहीत आहे. पासिंगसाठी वर्षानुवर्षं झटायचं आणि बक्षीस काय, तर अदृश्य होणं. पेरींना ते नको होतं.

१९९६ च्या ‘मदर ऑफ ऑल बॅटल्स’ या फोटोत क्लेअर पूर्व युरोपातल्या लोकवेशात आहे आणि हातात बंदूक आहे. (हे नाव सद्दाम हुसेनच्या १९९१ च्या गाजलेल्या शब्दांवरून घेतलेलं.) २००० साली ‘क्लेअर्स कमिंग आउट ड्रेस’ आला. ‘कमिंग आउट’चे इंग्रजीत दोन अर्थ. पूर्वी श्रीमंतांच्या मुली पहिल्यांदा समाजात मिरवायच्या तोही ‘कमिंग आउट’, आणि लपवलेली ओळख उघड करणं तेही. पेरींनी दोन्ही अर्थ एकाच ड्रेसमध्ये शिवून टाकले.

त्यानंतर क्लेअर लहान मुलीच्या फ्रॉकमध्ये दिसू लागली. फुग्याच्या बाह्या, मोठे बो, गालांवर रंग. कारण त्यांनी अनेकदा सांगितलंय. मर्दानीपणापासून सगळ्यात लांबचा कपडा कुठला, तर लहान मुलीचा पार्टी फ्रॉक. जिचं कौतुक होतं, जिला जपलं जातं, जिने कणखर असावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते, तिचा तो पोशाख. टेडी बेअरला सगळं शौर्य देऊन टाकलेल्या मुलाची गोष्ट आठवा, मग तो फ्रॉक विनोदी वाटत नाही.

शरीराचं गणितही बघण्यासारखं आहे. पुरुषाचे खांदे रुंद, कंबर आणि मांड्या त्या मानाने अरुंद. म्हणून पासिंग करणारे क्रॉसड्रेसर खाली घेर असलेला स्कर्ट घेतात, गळा व्ही आकाराचा घेतात, खांद्यावर फुगा मुद्दाम टाळतात. दाढीची निळसर छटा झाकायला फाउंडेशनखाली नारिंगी रंग लावतात. चप्पल हा तर मोठाच प्रश्न, कारण साध्या दुकानात बायकांचे मोठे नंबर मिळत नाहीत. हे शिकण्यात पाच-सात वर्षं सहज जातात. पेरींनी नेमका हा नियम मोडला. खांदे रुंद दिसतात तर दिसू देत, बाह्या फुग्याच्याच हव्यात. आपण बाई आहोत असं कुणाला पटवायचंच नाही म्हटल्यावर ते सगळं गणित गळून पडतं.

प्रत्येकाचा प्रवास असा स्टेजवर संपत नाही, हे मात्र खरं. कित्येक क्रॉसड्रेसर याच्या उलट साधेपणाकडे येतात. भरजरी नको, सुती कुर्ता पुरे, असं होतं. आणि बहुतेकांच्या वाटेत एक जागा येते जिथे सगळं कपाट रिकामं होतं. इंग्रजीत त्याला ‘पर्ज’ म्हणतात. लाज वाटते, लग्न ठरतं, भीती वाटते आणि एका रात्रीत सगळे कपडे, विग, चपला कचऱ्यात जातात. परत कधी नाही, अशी शपथ घेतली जाते. काही महिन्यांनी पुन्हा पहिला ड्रेस येतो. पैसा तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे तयार होत आलेली आवडही जाते, दर वेळी शून्यापासून सुरुवात. ज्याचं कपाट दहा वर्षं टिकलं त्याचीच स्टाइल पक्की होते. आणि कपाट टिकण्यासाठी घरातल्या निदान एका माणसाला माहीत असावं लागतं.

पेरींच्या घरात माहीत होतं. २००३ च्या त्या रात्री फ्रॉकमधल्या पेरींनी स्टेजवरून पत्नीचे आभार मानले, मुलगीही समारंभाला आलेली होती.

पुढे तर क्लेअरचे कपडे शिवायला रांग लागली. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स कॉलेजात फॅशन शिकणारी मुलं क्लेअरसाठी ड्रेस डिझाइन करतात, त्यांची स्पर्धा होते आणि आवडलेले ड्रेस पेरी विकत घेतात. म्हणजे ज्याला कधी काय घालावं हे सांगणारं कुणी नव्हतं, त्याला आता विशी-बाविशीतली पोरं दरवर्षी नवं काहीतरी सुचवतात. २०१३ मध्ये बीबीसीची मानाची रीथ व्याख्यानं त्यांनी दिली तीही क्लेअरच्या वेशात. कार्यक्रम रेडिओवरचा, ऐकणाऱ्याला काय दिसणार! पण समोर सभागृह भरलेलं होतं. २०१७ मध्ये लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत नुसत्या क्लेअरच्या ड्रेसचं प्रदर्शन लागलं.

राजवाड्यात जाताना फ्रॉक का नाही, याचं उत्तर मग सोपं आहे. प्रसंग बघून कपडे घालायचे असतात, हे त्या वयाच्या कुठल्याही बाईला कळतं, तसं ते क्लेअरलाही कळायला लागलं होतं. २०२३ मध्ये पेरींना ‘सर’ हा किताब मिळाला. विंडसर कॅसलमध्ये प्रिन्स विल्यमने त्यांच्या खांद्याला तलवार लावली तेव्हाही ते क्लेअरच्याच वेशात होते. घराबाहेर काढलेला तो पंधरा वर्षांचा मुलगा तेव्हा ६३ वर्षांचा होता.