बांगलादेश आणि बदलते हवामान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बांगलादेशचा बहुतेक भूभाग गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांच्या गाळातून घडला आहे. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही थोड्या कमी जागेत तिथे सुमारे 17 कोटी माणसे राहतात. जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात या देशाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. बदलत्या हवामानाची झळ मात्र त्याला फार आधीपासून बसते आहे. या देशाविषयी जे बोलले जाते, त्यातले बरेच अर्धवट खरे असते, आणि म्हणूनच ते खोडणे अवघड जाते.

समुद्र एक मीटरने चढला की देशाचा सुमारे 17 टक्के भाग बुडेल, हे विधान नेहमी ऐकू येते. या हिशेबात जमिनीची उंची कायम आणि किनारा उघडा धरलेला असतो. प्रत्यक्षात नद्या दरवर्षी जवळपास 100 कोटी टन गाळ आणतात आणि किनाऱ्याचा मोठा भाग बांधांनी वेढलेला आहे. मेघनेच्या मुखाशी गेल्या काही दशकांत जितकी जमीन वाहून गेली, त्याहून जास्त नव्याने तयार झाली. 2020च्या अखेरीपासून जिथे रोहिंग्या निर्वासितांना हलवण्यात आले, ते भासानचर बेट विसाव्या शतकात नव्हतेच. अर्थात एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. भोला बेटावर ज्याचे शेत नदीने कापून नेले, त्याला पलीकडे वर आलेला चर, म्हणजे गाळाचे नवे बेट, आपोआप मिळत नाही. त्यावर ताबा बहुधा दांडग्यांचा बसतो. शिवाय नव्या चरावर पीक धरायला बरीच वर्षे जावी लागतात.

मग बांध आणखी उंच करावेत, हा उपाय सहज सुचतो. मात्र तिथल्या किनाऱ्याचा अनुभव उलट सांगतो. 1960च्या दशकात अमेरिकी मदतीने किनाऱ्यावर गोलाकार बांध घालून पोल्डर तयार करण्यात आले. कोकणातल्या खारबंदिस्तीसारखीच ही रचना, फक्त अवाढव्य : सव्वाशेहून जास्त पोल्डर, आणि पाणी सोडायला उघाड्या. सुरुवातीला भात चांगले आले. पण भरतीबरोबर शेतात पसरणारा गाळ बाहेरच अडला आणि नदीच्या पात्रात साचू लागला. पात्र वर आले, आतली जमीन दबत गेली, आणि 1980च्या दशकात खुलना-जशोर भागातली गावे पावसाच्याच पाण्यात वर्षानुवर्षे तुंबून राहू लागली. काही पोल्डरमधली जमीन आज शेजारच्या सुंदरबनातल्या जमिनीपेक्षा एक ते दीड मीटर खाली आहे. त्यामुळेच 2009 मध्ये आयला चक्रीवादळाने बांध फोडला, तेव्हा 32 क्रमांकाच्या पोल्डरमधले पाणी जवळपास दोन वर्षे हटले नाही. हा खड्डा समुद्राने केलेला नाही, तो बांधकामाने केला आहे.

तोडगा शेतकऱ्यांनीच काढला. 1997 मध्ये जशोर भागातल्या लोकांनी भायना बिलाचा, म्हणजे खोलगट पाणथळ जागेचा, बांध कापला आणि भरतीचे पाणी आत घेतले. काही वर्षांत बिलाचा तळ उंचावला, शेजारची हरी नदी खोल झाली. आधी विरोध करणाऱ्या सरकारी यंत्रणेने पुढे हीच पद्धत योजनेत घातली. अडचण वेगळीच आहे : गाळ बसेपर्यंतची काही वर्षे शेत पाण्याखाली जाते, आणि त्या काळाची भरपाई वेळेवर मिळत नाही. जशोरमधला भवदह परिसर अजूनही पावसाळ्यात तुंबतो.

वादळे वाढली म्हणजे मृत्यूही वाढत असणार, हा समज मात्र साफ चुकीचा आहे. नोव्हेंबर 1970च्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे गेली. 1991 मध्ये सुमारे 1 लाख 40 हजार, 2007च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. 2020 मध्ये अम्फानपूर्वी सुमारे 24 लाख लोकांना हलवण्यात आले आणि बांगलादेशातील मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. सगळी वादळे सारख्या ताकदीची नव्हती, सिद्रचा मोठा तडाखा सुंदरबनाने झेलला, हे धरूनही फरक प्रचंड आहे. 1970च्या दशकात सुरू झालेल्या पूर्वतयारी कार्यक्रमाचे हजारो स्वयंसेवक कर्णे आणि झेंडे घेऊन घरोघरी जातात. निवारे एरवी शाळा म्हणून चालतात, म्हणून ते ओस पडत नाहीत. गुरे सोडून लोक निघत नाहीत हे कळल्यावर अनेक निवाऱ्यांत जनावरांचीही सोय करण्यात आली.

जीव वाचला तरी जमीन खारावते. त्याचे खापरही सगळे हवामानावर फोडता येत नाही. सातखिरा, खुलना भागात 1980च्या दशकापासून कोळंबीच्या तळ्यांसाठी खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले. 1975 मध्ये गंगेवर भारताचा फराक्का बंधारा सुरू झाल्यावर उन्हाळ्यात गडाई नदीतून येणारे गोडे पाणीही आटले. चढता समुद्र या दोन्हींवर भर घालतो.

भारतात सर्वांत जास्त बोलला जाणारा मुद्दा स्थलांतराचा. उघड्यावर पडलेली बहुतेक माणसे सीमेकडे नव्हे, आपल्याच देशातल्या शहरांकडे जातात. ढाक्यात भोलाहून आलेल्यांची भोला बस्ती आहेच. 2050 पर्यंत बांगलादेशात सुमारे 2 कोटी लोक विस्थापित होऊ शकतात, हा जागतिक बँकेचा 2021चा टोकाचा अंदाज देशांतर्गत स्थलांतराचा आहे. वादात ‘देशांतर्गत’ हा शब्द बहुतेकदा गळून पडतो.

हा देश परदेशी मदतीच्या वाटेकडे डोळे लावून बसला आहे, असेही नाही. 2009 मध्ये त्याने हवामानविषयक कृती आराखडा केला आणि स्वतःच्या अंदाजपत्रकातून निधी उभारला. 2010 मध्ये ब्री धान 51 आणि 52 हे सुमारे दोन आठवडे बुडूनही तग धरणारे वाण आले. त्यांतला गुण ओडिशातल्या एका जुन्या भातातून घेतलेला आहे. मात्र ते पावसाळी पिकाचे. 2017 मध्ये सुनामगंजच्या हाओरांत, म्हणजे खोलगट पाणथळ भागांत, पूर मार्चअखेरीसच आला आणि कापणीच्या तोंडावर आलेले बोरो, म्हणजे हिवाळ्यात लावलेले, भात गेले. दाणे भरलेल्या पिकाला बुडणे सोसण्याचा गुण उपयोगी पडत नाही. तिथे लवकर तयार होणारे वाण लावणे आणि पाणी येण्याआधी कापणी उरकणे, एवढेच हाती राहते.