अर्धा मैल

फॉकलंडला लोक जातात ते पेंग्विन बघायला. मीही त्यासाठीच गेलो होतो. पण चिलीहून येणारं शनिवारचं प्रवासी विमान उतरतं थेट माउंट प्लेझंटच्या लष्करी तळावर, आणि इथे फोटो काढायचे नाहीत अशी तंबी मिळाली, तेव्हाच माझं चित्त पेंग्विनांवरून उडालं. बेटांची वस्ती जेमतेम साडेतीन हजार. त्यांच्या राखणीला ब्रिटनचे हजारेक सैनिक, चार टायफून लढाऊ विमानं, एक गस्ती जहाज. हे लोक दिवसभर करतात तरी काय?

ओळखीपाळखीने तळ बघायची परवानगी मिळाली. सोबतच्या अधिकाऱ्याने पाठ केलेलं सगळं सांगितलं: 1982 साली अर्जेंटिनाने बेटं घेतली, इंग्लंडहून निघालेली फौज किनाऱ्यावर उतरायला सात आठवडे गेले, म्हणून 1985 मध्ये हा विमानतळ. ठीक. मला आठवतो तो कॉरिडॉर. बराकी, मेस, करमणुकीच्या खोल्या, सगळं एकाच छताखाली जोडलेलं, बाहेरच्या वाऱ्यात पाऊलही टाकायला नको. सैनिक त्याला ‘डेथ स्टार’ म्हणतात.

तिथे फरशीच्या पॉलिशचा उग्र वास होता आणि पन्नाशीची एक बाई घासायचं यंत्र ढकलत होती. सेंट हेलेना या ब्रिटनच्याच दुसऱ्या बेटाची. “अर्धा मैल आहे,” ती म्हणाली. मी ‘बापरे’ म्हटलं, तर हसून, “अर्धा मैल जायला, अर्धा मैल यायला. तोवर पहिल्या टोकाला बूट उमटलेले असतात.” तेवढ्यात चिखलाच्या बुटांची एक तुकडी गेलीच. तिने यंत्र बंद केलं, भिंतीला टेकून वाट दिली, पुन्हा सुरू केलं. अधिकारी घड्याळ बघत होता.

सैनिक काही महिन्यांनी बदलून जातात. ही बाई कित्येक वर्षं इथेच आहे, मुलगा तिकडे आजीकडे वाढला. स्वयंपाकघर, साफसफाई, कुठेही बघा, सेंट हेलेनाचे लोक आहेतच. शत्रू येईल तेव्हा येईल. रोजचा तळ चालतो तो यांच्या जिवावर, आणि अधिकाऱ्याच्या तासाभराच्या माहितीत त्यांचं नावही नव्हतं.

ब्रिटनच्या 1981 च्या कायद्याने फॉकलंड आणि सेंट हेलेना, दोन्हीकडच्या अनेकांचं पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व जाणार होतं. युद्ध झालं आणि फॉकलंडवाल्यांना ते 1983 मध्येच मिळालं. सेंट हेलेनाच्या लोकांना 2002 पर्यंत थांबावं लागलं.