मंदीच्या वर्षातील पदवीधर

पदवी हाती आली की नोकरी आपण होऊन दारी येते, ही समजूत आपल्या घराघरांतून अद्याप टिकून आहे. निकाल लागतो, पेढे वाटले जातात, आणि पेढ्यांची गोडी जिभेवर असतानाच शेजारीपाजारी विचारू लागतात, "मग, कुठे लागला का?" चांगल्या काळात या प्रश्नास उत्तर मिळण्यास काही महिने लागतात. परंतु ज्या वर्षी व्यापार-उद्योग मंदावलेले असतात, त्या वर्षी हाच प्रश्न वर्ष-दीड वर्ष उंबरठ्यावर ठाण मांडून बसतो. मग मुलगा मनाशी म्हणतो, "माझ्यातच काही उणे असावे." वडील म्हणतात, "शिकवून काय मिळविले?" या दोन्ही उद्गारांत कितपत तथ्य आहे, आणि अशा काळात नव्या पदवीधराने काय करावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम मंदी म्हणजे काय ते पाहू. काही कारणाने लोक खर्चाचा हात आखडता घेतात. कापडाच्या दुकानातील गिऱ्हाईक कमी झाले की दुकानदार कमी माल मागवितो. गिरणी कमी कापड काढते. गिरणीस वीज कमी लागते आणि विजेस कोळसा कमी लागतो. असे एकाचे आखडणे दुसऱ्यापर्यंत पोहोचते. अशा वेळी मालक बहुधा जुन्या माणसांस लगेच काढीत नाही. तो पहिली गोष्ट करतो ती ही, की नवीन माणूस घेणे थांबवितो. त्याच वेळी नोकरीवर असलेला मनुष्यही ती सोडून दुसरी धरण्याचे धाडस करीत नाही, त्यामुळे एरवी रिकाम्या होणाऱ्या जागाही रिकाम्या होत नाहीत.

बल्लारशाहून काझीपेटकडे जाणाऱ्या गाडीचा साधा डबा आपण सर्वांनी पाहिला आहे. डबा खच्चून भरलेला असतो, आतले कोणी उतरत नाही आणि गाडीस नवा डबाही जोडला जात नाही. फलाटावर उभा असलेला उतारू कितीही चपळ असला तरी त्याने कोठे शिरावे? मंदीच्या वर्षातील पदवीधर हा असा फलाटावरील उतारू होय. गाडी चुकली यात दोष त्याचा नाही.

हा प्रश्न नवा आहे असेही नाही. शिकलेल्या मध्यमवर्गाच्या बेकारीची चौकशी करून मुंबई इलाख्याच्या कामगार कचेरीने १९२७ मध्येच एक अहवाल प्रसिद्ध केला होता. १९२९ च्या जागतिक मंदीनंतर संयुक्त प्रांतात सर तेजबहादुर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी १९३४ मध्ये समिती नेमावी लागली. त्याच मंदीत, १९३१ साली, मुंबईच्या गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईची भुकटी व वड्या बनविण्याचा लहानसा उद्योग आरंभिला. पुढे 'कॅम्लिन' या नावाने तो प्रत्येक शाळकरी मुलाच्या दप्तरात जाऊन पोहोचला. वाईट वर्षात सुरू झालेले काम वाईटच ठरते असे नव्हे, एवढे यावरून दिसते.

अलीकडचा दाखला घ्यावयाचा तर २०२० सालचा घ्यावा. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली. सरकारी पाहणीप्रमाणे जानेवारी ते मार्च या तिमाहीत शहरी भागातील बेकारीचे प्रमाण सुमारे ९ टक्के होते. एप्रिल ते जून या तिमाहीत ते सुमारे २१ टक्क्यांवर गेले. तीन महिन्यांत लोक एकाएकी आळशी वा नालायक झाले, असे कोणी म्हणेल काय? पुढे उद्योग सुरू झाले, तसे हे प्रमाणही उतरत गेले.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २०२२–२३ च्या पाहणीत १५ वर्षांवरील लोकांत बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के होते, तर पदवीधरांत ते १३.४ टक्के होते. शिक्षणाने माणूस निकामी होतो, असा अर्थ यातून कित्येक जण काढतात. तो चुकीचा आहे. ज्याच्या घरी सायंकाळच्या चुलीची भ्रांत असते, त्यास बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम तो धरतो आणि पाहणीत 'कामावर' म्हणून मोजला जातो. पदवीधर आपल्या शिक्षणास साजेसे काम शोधीत थांबतो, कारण घरचे लोक त्याचे थांबणे सोसतात. हे थांबणे फुकट गेले तर घरच्यांचे सोसणेही फुकट जाते.

आता आपल्या बेल्लमपल्लीकडे वळू. सिंगरेणीचा कोळसा हे या गावाचे जीवन. येथे पिढ्यान् पिढ्या एक रीत होती, की वडील खाणीतून निवृत्त व्हावे आणि मुलाने त्यांच्या जागी लागावे. परंतु १९९० च्या सुमारास या कंपनीत एक लाखाहून अधिक माणसे होती, ती आता चाळीस हजारांच्या आसपास आली आहेत. कोळसा मात्र वाढला आहे. तेव्हा वर्षाचे उत्पादन दोन कोटी टनांहून कमी होते. २०२३–२४ मध्ये ते सुमारे सात कोटी टनांवर गेले. भूमिगत खाणींची जागा उघड्या खाणींनी घेतली आणि शेकडो हातांचे काम एक यंत्र करू लागले. वारसांस सरसकट नोकरी देण्याची नवी योजनाही २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरविली; त्यानंतर कामगाराचा मृत्यू वा वैद्यकीय अपात्रता अशा मर्यादित कारणांपुरतीच ती वाट उरली.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या सिरपूर कागजनगरचे आहे. तेथील कागदाची गिरणी २०१४ मध्ये बंद पडली, आणि २०१८ मध्ये नव्या मालकाच्या हाती पुन्हा सुरू झाली.

हे दोन दाखले जोडीने ठेवण्याचे कारण असे, की नोकरी न मिळण्याची दोन निरनिराळी कारणे असतात आणि त्यांवरील उपायही निरनिराळे आहेत. मंदीने अडलेली जागा आज ना उद्या पुन्हा निघते. तिच्यासाठी तयारी करीत थांबणे शहाणपणाचे आहे. परंतु यंत्राने घेतलेली जागा परत येत नाही. तिची वाट पाहत बसणे म्हणजे बंद झालेल्या खाणीच्या तोंडाशी डबा घेऊन उभे राहणे होय. आपण कशाची वाट पाहत आहो, हे प्रत्येक तरुणाने स्वतःस एकदा स्पष्ट विचारावे.

आम्ही स्वतः २००९ मध्ये कला शाखेची पदवी घेऊन बाहेर पडलो. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली होती. सातासमुद्रापलीकडच्या पेढीचा कोकणी घरातील एका पदवीधराशी काय संबंध, असे तेव्हा वाटे. परंतु एका खाजगी कंपनीने आमची मुलाखत घेतली, रुजू होण्याची तारीखही कळविली, आणि मग 'नेमणूक तूर्त स्थगित' असे दोन ओळींचे पत्र धाडले. त्या पत्रात आमच्या गुणावगुणांविषयी एक अक्षरही नव्हते. कारण तो प्रश्नच तेथे नव्हता. पुढील वर्ष शिकवण्या करण्यात आणि एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले. पगार बेताचाच होता. पण शुद्धलेखनाची शिस्त आम्हांस त्या मुद्रितांनी लावली, आणि मुलांस समजेल असे बोलावयास शिकवण्यांनी शिकविले. आजच्या आमच्या पेशाचे भांडवल तेच आहे.

मंदीत मिळालेल्या हलक्या नोकरीने जन्माचे नुकसान होते काय? कॅनडातील पदवीधरांच्या मिळकतीचा दीर्घ अभ्यास ओरिओपुलोस, फॉन वाख्टर आणि हाइझ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की मंदीत बाहेर पडलेल्यांची मिळकत आरंभी सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते. पाच वर्षांत ही तूट निम्म्यावर येते आणि दहा वर्षांत जवळजवळ नाहीशी होते. ती भरून निघते ती बव्हंशी नोकरी बदलून, म्हणजे लहान जागेवरून हळूहळू चांगल्या जागेवर जाऊन. परदेशातील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. तथापि त्यातील बोध स्पष्ट आहे. पहिली नोकरी ही पायरी समजावी. ती हलकी म्हणून नाकारू नये आणि मिळाली म्हणून तिच्यावरच बसून राहू नये.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. रोजगार विनिमय केंद्रे १९४५ मध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी निघाली आणि १९४८ पासून सर्वांस खुली झाली. तेथे तसेच केंद्र सरकारच्या राष्ट्रीय करिअर सेवेत नाव नोंदवावे. ही नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे, परंतु जागांची खबर तेथे मिळते. दुसरे, शिकाऊ उमेदवारीचा विचार करावा. १९६१ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही ती वाट मोकळी झाली. विद्यावेतन थोडे असते, पण वर्षाअखेर हाती अनुभवाचे प्रमाणपत्र येते, आणि 'अनुभव आहे काय?' या प्रश्नास उत्तर मिळते.

तिसरे, आपल्या भाषा हे आपले धन आहे. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि गाडीत हिंदी बोलणारे आपले विद्यार्थी ही गोष्ट क्षुल्लक मानतात. ती तशी नाही. रेल्वे भरतीच्या परीक्षा मराठीतूनही देता येतात. तेलंगणाच्या सरकारी नोकऱ्यांत मात्र २०१८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ९५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखून ठेवल्या आहेत, आणि पहिली ते सातवी यांपैकी किमान चार वर्षे कोठे शिक्षण झाले, यावरून 'स्थानिक' ठरतो. म्हणून या वर्गांचे शाळेचे दाखले जपून ठेवा. आज कागद वाटतो, उद्या तो हक्क ठरेल. चौथे, स्पर्धापरीक्षा देणाऱ्याने किती प्रयत्न करावयाचे ते आरंभीच घरच्यांसमक्ष ठरवावे, आणि अभ्यासासोबत रोज काही तास कमाईचे काम करावे. सीमा नसलेली आशा तरुणपणाची वर्षे खाऊन टाकते.

एक इशारा तर अवश्य द्यावयाचा आहे. मंदीत नोकऱ्या कमी होतात, पण नोकरी 'लावून देणारे' वाढतात. "साहेब आपल्या ओळखीचे आहेत, इतके लाख द्या, खाणीत लावतो," असे म्हणून शेत विकावयास वा दागिने मोडावयास लावणारा मनुष्य हा ठकच होय. सरकारी वा सार्वजनिक कंपनीची भरती जाहिरात, अर्ज आणि परीक्षा या मार्गाने होते. मध्यस्थाच्या पिशवीतून होत नाही. पैसे मागितले गेले की तेथेच उठावे आणि पोलिसांस कळवावे.

शेवटी पालकांस दोन शब्द. नोकरी मिळेपर्यंत मुलास 'रिकामा' म्हणून हिणवू नये, आणि वर्षभरात नोकरी लागली नाही एवढ्यावरून मुलीचे पुढचे शिक्षण वा शोध थांबवून तिच्या लग्नाची घाई करू नये. त्याने आज किती अर्ज केले, तिने या महिन्यात नवे काय शिकले, हे अवश्य विचारावे. निकालाचा जाब मात्र दर सायंकाळी मागू नये. विद्यार्थी मित्रांनो, कोणत्या वर्षी आपण पदवीधर होणार, हे आपल्या हाती नाही. त्या वर्षी बाजार तेजीत असेल की मंदीत, हेही नाही. परंतु थांबावे लागले तर ते दिवस कशात घालवावयाचे, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे; आणि मालक जेव्हा पुन्हा दार उघडतो, तेव्हा तो प्रथम हेच विचारतो, की मधल्या काळात तुम्ही काय केले.